मडकं धरायचा मान

भागोजीकाकांनी निरोप धाडला नाही, ते स्वतःच आले, तेव्हाच मनस्वीनं ओळखलं की आता ही गोष्ट आणखी पुढे ढकलता येणार नाही. पडवीत टेकायच्या आधी ते आत गेले, खाटेवर पडलेल्या तिच्या सासऱ्याचं, आत्मारामचं पांघरूण सारखं केलं, त्याच्या कपाळावर घटकाभर हात ठेवला. भावकीत ते सगळ्यांत वडीलधारे. पण आत्मारामशी त्यांचं नातं भावकीच्याही पलीकडचं. उमेदीच्या वयात दोघं मुंबईला गोदीत कामाला होते, एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले. बाहेर आल्यावर त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले आणि उभ्याउभ्याच तिच्या सासूला, दमयंतीला सांगितलं, "येत्या आयतवारी दुपारी भावकी तुमच्या खळ्यात बसंल. बाबल्याला घरात ठेव. कुठं जाऊ देऊ नको."

चहा न घेताच ते गेले. मनस्वी लग्न होऊन या घरात आली त्याला वीसेक वर्षं होऊन गेली होती. भागोजीकाका चहा न घेता परतलेले तिनं पहिल्यांदाच पाहिले.

बाबल्या म्हणजे हर्षद, तिचा नवरा, आत्माराम-दमयंतीचा थोरला. देवरूखच्या बाजारात पंप आणि इंजिनं दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी आत्मारामच्या गळ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं. धाकट्या रितेशला लोट्याच्या कंपनीतून रजा मिळेना, म्हणून हर्षद एकटाच बापाच्या खाटेशी राहिला. शेजारच्या खाटेवर देवरूखचेच एक निवृत्त शिक्षक होते, शांतवन साळवी. त्यांच्याजवळ कोणी नव्हतं, तेव्हा हर्षद बापाबरोबर त्यांचंही करायचा. गुरुजी ख्रिस्ती; संध्याकाळी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मोठ्यानं वाचायचे. हर्षदनं आधी ते कानाआड केलं, मग ऐकलं, मग स्वतःहून विचारू लागला. बाप्तिस्मा त्यानं लगेच घेतला नाही. वर्षभर थांबला, आणि घेतला तो बापाला सांगून घेतला. आत्माराम तेव्हा एवढंच म्हणाला होता, की माझ्या उशाशीच झालं ते, आता मी काय बोलू.

पण भावकी बोलत होती. गणपतीत हर्षद पूजेला बसला नाही, तेव्हा रितेशला बसवून वेळ निभावली. शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा त्यानं घरापुढचं खळं झाडलं, आल्यागेल्याला सरबत दिलं, पण पालखीला खांदा दिला नाही. हे सगळं भावकीनं आत्मारामच्या तोंडाकडे बघून गिळलं. आता आत्मारामच जायला निघाला होता. घरी न्या, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. आणि थोरला मुलगा असा असताना मडकं कोण धरणार, हा प्रश्न वाडीतल्या प्रत्येक घरात चुलीपुढे चघळला जात होता.

मनस्वी स्वतः त्या वाटेनं गेली नव्हती. देव्हाऱ्यातला दिवा ती रोज लावायची आणि हर्षदनं तिला कधी अडवलं नव्हतं. तरी मागच्या गौरीला ओवशाची, म्हणजे सुनांनी गौरीपुढे ठेवायची सुपं मांडताना तिचं सूप कोणीतरी हळूच बाजूला सरकवलं. तिची मुलगी दिशा रत्नागिरीला नर्सिंग शिकत होती. तिच्यासाठी शेजारच्या वाडीतल्या एका चांगल्या घरातून विचारणा झाली होती, ती पुन्हा कानावर आली नाही. मनस्वीचे वडील बोटीवर नोकरीला होते. आरे-वारेच्या किनाऱ्यावरच्या त्या माहेरी तिनं एक गोष्ट लहानपणापासून पाहिली होती, की पुरुष आपल्या मनानं कुठेतरी निघून जातो आणि त्याच्या वाटचं घर बाईनं सांभाळायचं असतं. फरक इतकाच, की हर्षद घरात असूनच निघून गेला होता.

भागोजीकाका गेल्यावर दमयंती कितीतरी वेळ पेज ढवळत बसली. मग खालच्या आवाजात तिनं सुनेपुढे आपलं मन मोकळं केलं. तिचं म्हणणं साधं होतं. देव कोणता खरा हे तिला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पण जन्मभर ज्या माणसाची भाकरी थापली, तो सरणावर जाताना थोरल्या पोराचा हात त्याला लागू नये, हे तिला सहन होत नव्हतं. भावकीसमोर देवापुढे एक नारळ ठेवायचा, चुकलो म्हणून चार शब्द म्हणायचे, एवढंच तर आहे. तोंडानं म्हटल्यानं माणसाचं मन थोडंच बाटतं.

"तू सांग त्याला," ती म्हणाली. "माजं नाय ऐकणार तो. तुजं ऐकंल."

मनस्वीला सासूचं पटत होतं. तिनं पेजेचं भांडं चुलीवरून उतरवलं आणि सासऱ्यासाठी वाटी भरली.

शनिवारी रितेश आणि त्याची बायको ऋतिका लोट्याहून आले. रितेश वाटेत काहीतरी ठरवूनच आला होता. त्यानं दोघींना मागच्या दारी बोलावलं आणि आपली युक्ती सांगितली. दादाची तब्येत बरी नाही असं जाहीर करायचं. रक्तदाब म्हणा, चक्कर म्हणा. थोरला आजारी असला की धाकट्यानं मडकं धरायला भावकीची हरकत नसते. दादाला काही म्हणावं लागणार नाही, बाबांचं व्यवस्थित होईल, भागोजीकाकांचीही मान खाली जाणार नाही. उलट त्यांनाही असा काहीतरी आडोसा हवाच असेल.

दमयंतीचा चेहरा एकदम उजळला. मनस्वीलाही सुटल्यासारखं वाटलं. ऋतिकाला मात्र हे रुचलं नाही. भावकी वाळीत टाकायला निघाली असेल तर तो आता गुन्हा आहे, तसा कायदा झालाय, सरळ तक्रार द्यावी आणि मोकळं व्हावं, असं तिनं ठणकावलं. रितेशनं तिला गप्प केलं. तक्रार देऊन माणसं खांदा द्यायला येतील का, असं त्यानं विचारलं.

युक्ती हर्षदच्या गळी उतरवायची कामगिरी मनस्वीवर आली. ती त्याला शोधत घरामागच्या आंब्यापाशी गेली. मागच्या वादळात तिथलं जुनं रायवळ आंब्याचं झाड आडवं झालं होतं. गेले काही दिवस हर्षद दुकानातून आला की कुऱ्हाड घेऊन त्या झाडाशी असायचा. पावसाळ्यासाठी जळण करतोय असं तिला वाटत होतं. आज जवळ गेल्यावर तिनं ती रास नीट पाहिली. चुलीत जातील असे तुकडे त्यानं केलेच नव्हते. माणसाच्या लांबीचे ओंडके एकावर एक रचून, वर ताडपत्री घालून ठेवले होते. ते कशासाठी, हे तिला न विचारताच कळलं आणि घरातून पाठ करून आणलेलं सगळं ती विसरून गेली.

हर्षदनं कुऱ्हाड खाली ठेवली. दोघं त्या आडव्या खोडावर बसली. रितेशची युक्ती तिनं शेवटी सांगितलीच. त्यानं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, मग मान हलवली. आजारी नसताना आजारी म्हणवून घेणं त्याला जमणार नव्हतं.

"मग नारळ ठेवा," ती म्हणाली.

"तेही जमणार नाही."

"म्हणजे तुमचं काहीच जाणार नाही. जाईल ते आमचं. तुमचा क्रूस तुम्ही उचललात, हर्षद. पण त्याचं दुसरं टोक माझ्या खांद्यावर आहे. ते ठेवताना मला कोणी विचारलं होतं?"

नवऱ्याला तिनं नावानं हाक मारली होती, जे ती कधीच करत नसे. हर्षदनं हातावरचा चीक नखानं खरवडला. मग त्यानं जे सांगितलं ते तिला अनपेक्षित होतं. तो म्हणाला, की गेले कितीतरी दिवस तो हाच विचार करतोय. स्वतःला नाकारून आपला क्रूस उचल, असं प्रभूचं वचन आहे; स्वतःला नाकारायचं म्हणजे काय, हे त्याला आधी सोपं वाटलं होतं. दारू तो पीत नव्हताच; तंबाखू सोडली, शिव्या सोडल्या, दुकानात खोटं बोलणं सोडलं, आणि झालं असं त्याला वाटलं. पण तो लहानपणापासून हट्टी. एकदा नाही म्हटलं की नाही. मग आता हे जे तो नाही म्हणतोय, ते देवासाठी की त्याचा तो जुना हट्टच नवे कपडे घालून उभा आहे? तो गुरुजींकडेही गेला होता. आधी बापाला माती देऊन येतो म्हणणाऱ्याला प्रभूनं थांबू दिलं नाही, असं एक वचन आहे. त्याचा अर्थ त्यानं विचारला. गुरुजींनी सरळ उत्तर दिलं नाही. एवढंच म्हणाले, की बापाच्या मयताला आपल्या विश्वासाचा चौथरा करू नकोस. खोटंही बोलू नकोस. या दोहोंच्या मध्ये जी अरुंद जागा उरते, तिथे उभा राहा, आणि तिथे तुला स्वतःचं काय काय सोडावं लागतं ते बघ.

"मग काय सोडणार तुम्ही?"

"सगळं माझं असेल ते," तो म्हणाला. "पण तुझं काय, ते मला सुचत नाही. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, मनस्वी."

निदान तो उत्तर नाही म्हणाला. ते खोटं तरी नव्हतं. घरात येऊन तिनं रितेशला सांगितलं की दादा नाही म्हणतात. रितेशनं कपाळाला हात लावला.

रविवारी सकाळी हर्षद देवरूखला प्रार्थनेला गेला नाही. त्यानं बापाला अंघोळ घातली, कूस बदलली, पाठीला तेल लावलं. दुपारी खळ्यात चटया अंथरल्या आणि भावकीचे पुरुष एकेक करून येऊन बसले. बायका पडवीत, कठड्याच्या आत. आत्मारामनं हातानं खूण करून आपली खाट पडवीत आणायला लावली. ऑपरेशननंतर त्याचा आवाज गेला होता. उरली होती नुसती फुसफुस, आणि ती फक्त दोघांना समजायची, त्याचं सगळं करणाऱ्या हर्षदला आणि मनस्वीला. दमयंतीचे कान मंद झाले होते. तिलाही त्यातलं निम्मं कळत नसे.

भागोजीकाकांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, की कोणी कोणाची भक्ती करावी यावर भावकी बसलेली नाही. पण माणूस एकटा जात नाही. तो पोराच्या हातानं जातो, भावकीच्या खांद्यावरनं जातो. तरणी पोरं मुंबईला गेली. मागे राहिलेली अशी एकेक सुटत गेली, तर उद्या पालखीला खांदे कुठून आणायचे आणि मयताला माणसं कुठून.

"आता तूच सांग, बाबल्या," ते म्हणाले. "तुजा बाप तुज्यासमोर हाय. देवापुढं नारळ ठेवून, चुकलो म्हणून, बापाचं मडकं धरणार, का नाय?"

रितेश घाईघाईनं उठला आणि दादाची तब्येत गेले काही दिवस, असं काहीतरी बोलू लागला. हर्षदनं त्याच्या हाताला धरून त्याला खाली बसवलं.

"मला काही झालेलं नाही, काका. रितेश माझ्यासाठी बोलतोय." तो उभा राहिला. "लाकडं मी तोडलीत. बाबांना मी अंघोळ घालीन, खांदा द्या म्हणालात तर खांदा देईन. पण जे मनात नाही ते तुमच्या देवापुढं तोंडानं म्हटलं, तर त्यात माझ्या देवाचा अपमान आहे आणि तुमच्याही. ते माझ्याच्यानं होणार नाही."

खळ्यात कुजबुज झाली. मग भागोजीकाकांनी जे सगळ्यांना ठाऊक होतं ते बोलून टाकलं. मग हे घर भावकीतून बाजूला. इथे कोणी पाणी पिणार नाही, आणि उचलायलाही कोणी येणार नाही.

दमयंतीनं पदर तोंडावर घेतला. हर्षद मात्र जागचा हलला नाही. घराला नका टाकू, तो म्हणाला, मला टाका. थोरल्याचा जो काही मान असेल तो त्यानं रितेशला दिला. गणपतीची पूजा, पालखीचा खांदा, भावकीतली बसायची जागा आणि बापाचं मडकं, सगळं. घरात, बागेत, जमिनीत तो वाटा मागणार नव्हता. बाबा असेपर्यंत त्याला इथे राहू द्यावं, त्यांचं करू द्यावं. ते गेले की तो या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नव्हता.

मनस्वी पडवीत उभी राहून ऐकत होती. त्याच्या एकेका वाक्यासरशी तिच्या पायाखालचा एकेक चिरा काढून घेतल्यासारखं होत होतं. स्वयंपाकघर, परसातले अळवाचे वाफे, दिशा जन्मली ती खोली. त्याचं असेल ते सोडीन म्हणाला होता. यातलं किती तिचं होतं ते त्यानं पुन्हा विचारलं नव्हतं. तिला राग आला, आणि त्या रागातही हा माणूस खरं बोलतोय एवढं तिला कळत राहिलं.

भावकीतल्या काहींचं म्हणणं पडलं, की जायचं तर आजच जावं. बापाचं नाव पुढे करून महिनोन्महिने राहील. तेव्हा खाटेवरून आत्मारामचा हात हलला. त्याला बोलायचं होतं. हर्षद पुढे झाला, पण कोणीतरी हरकत घेतली, की त्यानं सांगितलेलं आम्ही कशावरून खरं मानायचं. भागोजीकाकांनी मनस्वीकडे पाहिलं. "तू सांग, पोरी. तू ह्यातली नायस. म्हातारा काय म्हणतो तसंच्या तसं सांग."

मनस्वी खाटेशी गुडघे टेकून बसली आणि सासऱ्याच्या ओठांशी कान नेला.

"भागोजीला विचार," आत्माराम फुसफुसला, "आज बाबल्या गेला तर उद्या मला कुशीवर कोण वळवंल. तू येशील काय म्हणावं."

तिनं तसंच्या तसं सांगितलं. खळ्यात एक-दोघं हसले आणि लगेच गप्प झाले. भागोजीकाका हसले नाहीत.

आत्माराम थांबत थांबत बोलत होता आणि मनस्वी एकेक वाक्य उचलून खळ्यात ठेवत होती. मडकं रितेश धरील, हे मी जिवंतपणी सांगतो. थोरल्या पोराचा हात मला लागावा असं मलापण वाटतं. त्यानं त्याच्या देवापायी सोडलं, मला त्याच्यापायी सोडावं लागतंय. किंमत त्यानंपण मोजली, मीपण मोजतोय. मी असेपर्यंत तो इथेच राहील. ज्याला हे चालत नसेल त्यानं मलाच वाळीत टाकावं, घर अजून माझ्या नावावर आहे.

बोलून तो दमला. मनस्वीनं चमच्यानं त्याच्या ओठांवर पाणी सोडलं. आता संपलं असं वाटून ती उठत होती, तेवढ्यात त्यानं तिचं मनगट धरलं. शेवटचं वाक्य त्यानं इतक्या हळू सांगितलं, की ते खळ्यात उभ्या असलेल्या हर्षदला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"मी गेलो की बाबल्यानं शब्द पाळावा. ऱ्हायला तर रितेशला आन् म्हातारीला हे लोक जगू देणार नायत. जा म्हणावं त्याला. माझ्या तोंडानं सांग."

सगळ्यांचे डोळे मनस्वीवर होते. हे वाक्य जगात फक्त तिच्यापाशी होतं. हर्षद घरातच राहावा अशी बाबांची शेवटची इच्छा आहे, एवढं ती म्हणाली असती, तर भागोजीकाकांना ते मोडवलं नसतं. मरणाऱ्या मित्राचा शब्द त्यांनी मानला असता. तिचं घर वाचलं असतं, दिशाचं माहेर वाचलं असतं. कोणाला कधी कळलंही नसतं. काल रितेशच्या युक्तीला तिनं याहून कमी कारणासाठी मान डोलावली होती.

आत्माराम तिच्याकडे बघत होता. त्याचे डोळे नितळ होते, त्यात विनवणी नव्हती. या माणसाची दोन वर्षं तिनं पाठ पुसली होती. त्याच्याकडे उरलेली एकमेव गोष्ट म्हणजे त्याचा शब्द, आणि तोही त्यानं तिच्या तोंडात ठेवला होता.

"काय म्हणतो?" भागोजीकाकांनी विचारलं.

"म्हणतात," मनस्वी म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला, "ते गेल्यावर यांनी दिलेला शब्द पाळावा. घर सोडून जावं."

आत्मारामनं तिचं मनगट सोडलं. खळ्यात हर्षदनं मान खाली घातली. भागोजीकाकांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं, आणि तसंच होऊ दे म्हणाले. सगळे उठल्यावर ते दमयंतीला म्हणाले की चहा टाक. दमयंतीनं टाकला.

त्या दिवसानंतर मनस्वीनं हर्षदला दोष दिला नाही. आपण काही मोठं केलं असंही तिला वाटलं नाही. खोटं बोलायची संधी समोर असताना ते तोंडातून निघालं नाही, एवढंच; आणि तेव्हापासून नवऱ्याचं वागणं तिला पहिल्यासारखं परकं वाटेनासं झालं. देव्हाऱ्यातला दिवा ती लावतच राहिली.

आंब्याचा मोहोर झडून कैऱ्या धरल्या तेव्हा आत्माराम गेला. सकाळची वेळ होती, हर्षद त्याला पेज भरवत होता. भावकी आली. हर्षदनं बापाला शेवटची अंघोळ घातली आणि मग स्वतःहून मागे सरला. रितेश पांढरं नेसून, मडकं धरून पुढे चालला. हर्षदला खांदा कोणी देऊ दिला नाही, त्यानंही मागितला नाही. सगळ्यांच्या शेवटी, अनवाणी, तो पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठावरच्या स्मशानापर्यंत गेला. त्यानंच तोडलेली लाकडं रचलेली होती. रितेशनं अग्नी दिला तेव्हा भागोजीकाकांनी त्याचा हात मागून धरला. हर्षद दूर उभा होता. ओठ हलत होते. काय म्हणत होता ते कोणी विचारलं नाही.

तिथूनच तो देवरूखला गेला आणि दुकानामागच्या खोलीत राहू लागला. मनस्वी तेराव्यापर्यंत घरी थांबली. सुनेचं काम तिनं सोडलं नाही. पाहुण्यांचा स्वयंपाक, सासूची अंघोळ, सगळं केलं. दमयंतीला वाटत होतं की सून जाणार नाही. तिचा काय दोष, ती थोडीच बाटलीय, असं तिनं भावकीतल्या बायकांनाही सांगून टाकलं होतं, आणि त्यांनीही मान्य केलं होतं. तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी मनस्वीनं सासूला सांगितलं की तेरावं झालं की मी जाते. त्यांचा देव माझा नाही, पण त्यांनी टाकलेलं घर एकटीनं धरून बसणं मला जमणार नाही. दमयंती रडली नाही. तिनं विचारलं की त्या खोलीत चूल कुठल्या बाजूला आहे.

तेराव्याला वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भात असा स्वयंपाक झाला. खळ्यात पंगत बसली. मनस्वी वाढायला बाहेर आली तेव्हा तिला खळ्याच्या कडेच्या दगडी गडग्यापलीकडे, वाटेच्या कडेला, फणसाखाली हर्षद बसलेला दिसला. तिला न्यायला आला होता. उंबऱ्याच्या आत न येण्याचा शब्द त्यानं पाळला होता. गडग्याच्याही आत तो आला नव्हता. पंगतीतल्या सगळ्यांनी त्याला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. रितेश, डोकं भादरलेला, कर्ता म्हणून भागोजीकाकांच्या शेजारी बसला होता. त्यानं पहिला घास घ्यायचा, मग पंगत जेवणार, अशी रीत.

तेवढ्यात दमयंती घरातून बाहेर आली. या दिवसांत ती माजघराबाहेर पडली नव्हती. तिच्या हातात केळीची दोन पानं होती. कोणाकडे न बघता ती पंगतीच्या कडेनं चालत गेली, गडग्याच्या पायऱ्या एकेक करून उतरली आणि वाटेवर, धुळीत, हर्षदसमोर बसली. एक पान तिनं त्याच्यापुढे मांडलं, दुसरं स्वतःपुढे.

"आई, आत जा," हर्षद म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत." तिचा आवाज खळ्यापर्यंत आला. "मी तुज्या देवाची नाय झालेय. मी तुजी आय हाय. तुज्या बापानं तुला जा म्हटलं, मी म्हटलं नव्हतं. आज माज्या नवऱ्याचं तेरावं हाय, माजं थोरलं पोर उपाशी ऱ्हाणार नाय."

पंगतीत कोणाचा हात पानाकडे जाईना. मनस्वीच्या हातात भाताचं पातेलं होतं. ती गडग्याच्या दिशेनं निघाली, आणि दोन पावलांवर कोणीतरी ते तिच्या हातातून घेतलं. रितेश पंगतीतून उठून आला होता. भागोजीकाकांनी त्याला बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही. ते पानावरच्या मिठाकडे बघत राहिले.

"वहिनी, तू उसळ आण," रितेश म्हणाला.

तो पातेलं घेऊन पायऱ्या उतरला, आधी आईच्या पानावर आणि मग दादाच्या पानावर भात वाढला, आणि हर्षदनं पुरे म्हणून हात आडवा करेपर्यंत वाढत राहिला.